पारूबायनं जहाज बघितलं

जहाज गोदीत शिरलं त्या दिवशी वारा साफ पडला होता. भादव्याची अमावास्या. पाऊस निघून गेलेला, पण जाताना गारवा काही ठेवून गेला नव्हता. खाडीचं पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत, दिघीकडचा डोंगर धुरकट, आणि सकाळच्या पारीच ऊन असं की जेटीचं लोखंड हात लावून घेत नव्हतं. उधाणाची भरती चढत होती, तेवढीच काय ती हालचाल.

तुम्ही म्हणता, गोदीतले किस्से सांगा. किस्से बोटीच्या बुडाला कालवं धरतात तसे धरतात. बोट पळो नाहीतर नुसती उभी राहो, पाण्यात आहे म्हटल्यावर धरणारच! मी आधी मासेमारी केली. गुडघे बोलायला लागले तेव्हा या गोदीत लागलो. खरवडायला कुणी बसलं नाही म्हणून साचलेत. आज थोडे खरवडू.

ज्यांनी गोदी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाडीच्या काठाला खोदलेला सिमेंटचा भला मोठा हौद समजा. दरवाजा उघडायचा, भरतीला जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा आणि पंपानं पाणी उपसायचं. तळाला लाकडी ठोकळे मांडलेले असतात. पाणी उतरतं तसं जहाज हळूहळू त्यांवर बसतं. मग त्याचं बूड घासा, रंगवा, बुडामागचा पंखा तपासा, आतली डागडुजी करा. आम्ही कोळी पावसाळ्यात होड्या वर ओढून हेच करतो. पण हे होतं प्रवासी जहाज. काशीदच्या एका हॉटेलावर दुसरं हॉटेल, त्यावर तिसरं, असं रचत गेलात तर होईल तेवढं!

बघायला सगळा कोळीवाडा आला होता. पाणी उतरायला लागलं तशी कुजबूज सुरू झाली, की आता हे कलंडणार. आमच्यातला एक म्हातारा तर उठून पार चिंचेखाली जाऊन बसला.

"काय रं, तिकडं कशाला?"

"पडलं तर माझ्या अंगावर नको!"

जहाज बसलं. केसभर हललं नाही. म्हातारा चिंचेखालून परत आला आणि म्हणाला, "बघितलं? मी तिकडं बसलो म्हनून!"

* * *

त्या गर्दीत आमची शेजारीण पारूबाय होती. तिच्या आणि माझ्या घरात बोंबील वाळत घालायच्या काठ्या, एवढंच अंतर. ती मुरुडच्या बाजारात मच्छी विकते. तिच्यापुढं घासाघीस करणारं गिऱ्हाईक अजून जन्मायचं आहे. तिचा मुलगा मंगेश याच जहाजावर कामाला. आता जहाजच मुलाला घेऊन तिच्या दारात आलं होतं म्हणा ना!

मंगेश जहाजाच्या लाँड्रीत. चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या. आईला त्यानं एवढंच सांगितलेलं, की मला खोली आहे आणि खोलीला मोठी खिडकी आहे, निजल्यानिजल्या समुद्र दिसतो. खिडकीचा फोटोही धाडलेला. पारूबायनं तो साऱ्या बाजाराला दाखवला होता.

पण तिच्या मनात एक काटा होता. तो तिनं त्याच दिवशी माझ्यापुढं काढला.

"म्हादूभाऊ, पोरगा सुट्टीला घरी येतो तवा भर दुपारी खिडक्या लावून घेतो. उजेड आला की झोप मोडते म्हनतो. खिडकीखाली निजनारा मानूस असा करील?"

मी म्हटलं, "सवय असते एकेकाची."

"सवय न्हाय. मला कायतरी लपवतोय. त्याचा करार हितंच संपतोय. जहाज भायेर पडायच्या आधी त्याला परत सही करायची हाय. मी माझ्या डोल्यांनी बघीन तो कुठं निजतो. जागा मला पटली तर जाईल. न्हाय पटली तर न्हाय. बापाची होडी हाय, ती चालवील."

पारूबाय बोलली म्हणजे बोलली. आणि पोराला तर जहाजावरच राहायचं होतं. होडीवर बसलं की त्याला लागतं! कोळ्याचा पोर, पण लहान होडीत पोटात ढवळतं. हे त्यानं आईला सांगितलेलं नव्हतं, मला सांगितलेलं. कोळीवाड्यात असं बोलायची सोय नाही ना!

कोजागिरीच्या उधाणाला जहाज बाहेर काढायचं होतं. त्याच्या आत काय ते होणार.

* * *

पाणी पूर्ण उपसलं की गोदीच्या तळाला डबकी राहतात आणि डबक्यांत मासे. बोय, चिंबोऱ्या, निवट्या. आमच्याकडे रीत आहे, की पहिल्यांदा जो खाली उतरतो, मासे त्याचे. रात्रभर पंप चालून सकाळी तळ दिसला, तेव्हा आमचा मुकादम रफिक पुढं, आम्ही मागं. बघतो तर जहाजाच्या पोटाखाली, दोन ठोकळ्यांच्या मधोमध, हा एवढा जिताडा!

जिताडा म्हटल्यावर रायगडातल्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. सगळी टोळी त्याच्यामागं. कुणी हेल्मेट घेऊन, कुणी बादली घेऊन. वरून जहाजाचा चीफ इंजिनियर, आमचा चीफ साहेब, बघत होता. परदेशी माणूस, उंच, लाल. आपल्या जहाजाखाली वीस माणसं वाकून पळतायत म्हटल्यावर घाबरला बिचारा.

"काय झालं?" म्हणून ओरडला.

रफिक म्हणाला, "इन्स्पेक्शन, साहेब! इन्स्पेक्शन!"

जिताडा सापडला. सगळे चिखलानं माखलेले, हसतायत. आणि मग एकजण हळूच म्हणाला, "अरे, आज घट बसले."

सगळे जिताड्याकडं बघायला लागले. दसऱ्यापर्यंत आम्हा कोणाच्याच घरी मासा चालत नाही. पकडला आम्ही, आणि खाणारा सबंध टोळीत एकटा रफिक!

त्यानं दुसऱ्या दिवशी बायकोच्या हातचं कालवण आणलं. जहाजावरचं स्वैपाकघर तेव्हा बंद असतं, सांडपाणी सोडायचं कुठं? म्हणून चीफ साहेब बिचारा पावाचे तुकडे खात होता. रफिकनं त्याला पुढ्यात बसवून जेवू घातलं. साहेबानं काटेसुद्धा चोखले.

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः खाली उतरून आला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग रफिकला म्हणाला, "आज इन्स्पेक्शन नाही?"

* * *

सांडपाण्यावरून आठवलं. जहाज गोदीत असलं की त्यावरचे संडासही बंद. सगळ्यांनी उतरून काठावरच्या पत्र्याच्या संडासांत जायचं. चार पट्ट्यांचा कप्तान आणि आमचा रंगारी हरी, एकाच रांगेत.

पहिल्या सकाळी कप्तान साहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सवयीनं सरळ पुढं निघाले. त्यांचं चुकलं असंही नाही, जहाजावर कुणी त्यांना अडवलेलंच नसणार. रफिकनं सलाम ठोकला, अगदी अदबीनं.

"गुड मॉर्निंग कप्तान साहेब. तुमचा नंबर हरीच्या मागं!"

कप्तान हरीच्या मागं उभे राहिले. हरी इतका लाजला, की म्हणाला, "साहेब, तुम्ही जावा, मला काय घाई न्हाय." आणि त्याला होती हो!

* * *

हा हरी पालीकडचा. भातशेतीवाला. समुद्राला भयंकर भितो. आगरदांड्याहून फेरीबोटीनं पलीकडं जायचं तरी डोळे मिटून बल्लाळेश्वराचं नाव घेत बसतो. मी एकदा विचारलं, "मग जहाजाच्या कामाला कशाला आलास?"

"काका, जहाज बरं. पानी वाईट. हितं पानी काढून ठेवलेलं असतं!"

हरी जहाजाचं बूड लाल रंगवत होता. सगळं रंगवून झालं, पण ठोकळ्यांवर जिथं जहाज टेकलेलं असतं तिथं ब्रश पोचत नाही. तेवढे डाग तसेच राहतात. पुढच्या खेपेला ठोकळे सरकवून मांडतात, तेव्हा ते रंगवायचे. नियमच आहे. पण हरीला ते सोसेना. रोज जाऊन त्या कोपऱ्यांशी वाकून बघायचा.

"काय शोधतोस?"

"काका, लावनीत बांधाचा कोपरा राहिला ना, तर माझी आय मला जेवाय वाढायची न्हाय."

तिथंच एका दुपारी मंगेश आला. जेवणाची सुट्टी होती. लाल भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर एका जागी त्यानं तळवा ठेवला. रंग ओला होता, हात लाल झाला.

"म्हादूकाका, याच्या आत माझी उशी."

मी बघत राहिलो. जहाज पाण्यात असतं तेव्हा तिथं मासे फिरतात. खिडकी कुठली असणार!

"आईला कसं दाखवू?"

मी त्याचा लाल हात चिंधीनं पुसायला घेतला. हरी म्हणाला, "हितं आनखी एक हात मारतो. पानी आत जायला नको."

* * *

माझं काम तुम्हाला सांगायचं राहिलंच. माझं काम बसायचं. चेष्टा नाही! वेल्डिंग चालू असतं तिथं एका माणसानं पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर घेऊन बसायचं आणि ठिणग्या कुठं पडतात ते बघायचं. वेल्डर गेला तरी आपण उठायचं नाही. एखादी ठिणगी कुठंतरी दबून बसलेली असते. माझी सून म्हणते, "मामंजी घरी फुकट बसतात आनी तिकडं पगार घेऊन बसतात!"

एकदा मुंबईहून नवा सेफ्टीवाला आला. तरुण, चुणचुणीत. मला बघून थांबला.

"काका, काय करताय?"

"बघतोय."

"काय बघताय?"

"काय न्हाय."

"काही होत नाहीये तर बघताय कशाला?"

मी म्हटलं, "बघतोय म्हनून होत न्हाय."

त्यानं हातातली वही मिटली. मग माझ्या शेजारी खाली बसला. आम्ही दोघं बघत होतो. वेल्डर कधीचा जेवायला गेला होता.

* * *

गोदीत आलं की जहाजाचे जुने गालिचे फाडून काढतात आणि नवे घालतात. जुने ठेकेदार घेतो, आणि त्याला नको ते आमचा गाव घेतो. त्या आठवड्यात कोळीवाड्यात गालिचा नाही असं घर उरलं नाही. कोंबड्या गालिच्यावर, जाळी विणायला बसले ते गालिच्यावर. एका बाईनं तर बकरीखाली अंथरला. बकरी दोन दिवस उभीच राहिली, बसायला धजेना!

जहाजावर जुगाराची एक खोली होती. तिचा गालिचा आमच्या भजनी मंडळाच्या वाट्याला आला. लालभडक, त्यावर पत्त्यांची चित्रं. बुवांनी आधी नाक मुरडलं, मग बसून बघितलं, मग उठेचनात.

नवरात्रातलं भजन त्याच्यावरच झालं. बुवा इस्पिकच्या राजावर, मृदंगवाला चौकटच्या गुलामावर. मी बुवांना विचारलं, "कसं काय वाटतं?"

"मऊ हाय. पन ताल चुकला की ती बदामची रानी डोले वटारते!"

पारूबायनं मात्र गालिचा घेतला नाही. दाराशी टाकलेला तिनं गुंडाळून परत केला.

"मला जहाजाचं कायपन नको. मला खोली दाखवा."

रोज संध्याकाळी मी घरी आलो की काठ्यांपलीकडून आवाज यायचा, "म्हादूभाऊ, कवा नेतोस?" नवरात्रात मच्छीचा धंदा बसलेला. तिला दुसरं कामच नव्हतं.

* * *

दसऱ्याला गोदीत शस्त्रपूजा असते. आमची शस्त्रं म्हणजे पाने, हातोडे, ग्राइंडर. क्रेनला झेंडूची माळ, पंपाला माळ, आणि जहाजाच्या पंख्याला तर पुरुषभर उंचीची. चीफ साहेबानं विचारलं, "लग्न कुणाचं?" त्या दिवशी घरच्यांना आत यायला परवानगी असते. पण जहाजावर चढायला नाही.

रफिक चीफ साहेबाकडं गेला. काय बोलला ते ठाऊक नाही. येऊन म्हणाला, "जिताड्यानं काम केलं. मावशीला वर न्या."

मग आम्ही तिघांनी, म्हणजे मंगेश, रफिक आणि मी, बेत केला. पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्याच होत्या. वरच्या मजल्यावरची एक मंगेशनं हेरून ठेवली होती. पांढरी गादी, आरसा, आणि ही एवढी खिडकी. आईला ती दाखवायची, चहा पाजायचा आणि उतरवायची. जहाजावर हजार खोल्या, तिला काय कळणार?

पारूबाय नवं लुगडं नेसून, केसांत अबोलीची वेणी माळून आली. हातात आपट्याची पानं. डोक्यावर हेल्मेट घालायला सांगितलं तर म्हणाली, "वेनी चुरगलंल." रफिकनं हातापाया पडून घालायला लावलं.

लिफ्ट बंद. जिने चढत गेलो. ती दमली नाही, मी दमलो. मंगेशनं रुबाबात दार उघडलं.

"ही बघ, आये."

आत काहीच नव्हतं!

गालिच्यांबरोबर त्या ओळीतल्या खोल्याही मोडायला घेतल्या होत्या, आणि आदल्या दिवशी हिची पाळी आली होती. गादी नाही, पलंग नाही. छताच्या वायरी लोंबतायत. संडासाच्या जागी भोक. खिडकीची काच काढून तिथं प्लायवूड ठोकलेला. खाली नुसतं लोखंड, त्यावर कुणाची तरी तंबाखूची पुडी.

पारूबाय उंबऱ्यातच उभी.

"हितं निजतोस तू?"

तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मंगेशनं दाराची मूठ धरूनच ठेवली. रफिक पुढं झाला.

"मावशी, मरामत चाललीय. आता नवीन होनार, एकदम फस्क्लास!"

मंगेशला धीर आला. "व्हय आये. काल काढलं सगलं. म्हनून चार दिस माझी खाली सोय केलीय. तात्पुरती."

"मंग ती दाखव."

आता नाही कसं म्हणणार? उतरायला लागलो. आम्ही जिथून चढलो होतो त्याच्याही खाली, आणि आणखी खाली. लाकूड संपलं, पितळेचे कठडे संपले, नुसता पांढरा पत्रा आणि डोक्यावर पाइप. साबणाचा वास यायला लागला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि इथं थंडगार. बोळ इतका चिंचोळा की रफिक आडवा होऊन चालत होता.

मंगेशनं दार ढकललं. दोन फळ्या, वर एक, खाली एक. वरच्या फळीवाला कामावर होता. खालच्या फळीला पडदा. एक कपाट, एक दिवा. कोपऱ्यात एकवीरा आईची तसबीर, तिला कुंकू लावून लावून काच लाल झालेली.

पारूबाय वाकून आत गेली आणि फळीवर बसली. हातानं गादी दाबून बघितली. मग तिची नजर उशीशेजारच्या भिंतीवर गेली. पांढऱ्या पत्र्यावर डोक्याएवढा पिवळट गोल डाग होता. खोबरेल तेलाचा. आमच्याकडची पोरं डोकं चपचपीत तेल लावून निजतात, त्यांच्या घरच्या भिंतीला असतो तसा. तिनं पदराचं टोक घेऊन तो पुसला. परत पुसला. निघाला नाही.

मंगेश माझ्याकडं बघत होता, मी तसबिरीकडं.

"दिवा मालव बघू," ती म्हणाली.

मंगेशनं बटण दाबलं. भर दुपारी असा अंधार मी बघितलेला नाही.  कुठंतरी जनरेटर चालू होता, तेवढाच ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला.

"लाव."

दिवा लागला तेव्हा ती उभी होती. आपट्याचं एक पान तिनं तसबिरीपुढं ठेवलं, एक मुलाच्या हातात दिलं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याला तिच्या हेल्मेटची कड लागली.

"बरी हाय तुझी तात्पुरती सोय," म्हणाली आणि बाहेर पडली.

गोदीच्या फाटकाशी मंगेश कामावर परत गेला. रफिकनं माझ्या कानाशी येऊन सुटकेचा श्वास टाकला. "वाचलो, काका! मावशीला काय कललं न्हाय!"

मी आणि पारूबाय बंदराच्या रस्त्यानं घरी निघालो. ती पुढं, मी मागं.  रस्त्यावर पोरं सोनं वाटत फिरत होती. तिनं एकालाही हाक मारली नाही. बर्फाच्या कारखान्यापाशी एकदम थांबली, मी जवळ येईपर्यंत वाट बघितली, आणि म्हणाली,

"म्हादूभाऊ, येत्या खेपेला त्याच्यासंगं जाड गोधडी धाडाया पायजे. खाली गारठा लय हाय, आनी तो सांगायचा न्हाय."